हेडसेट गरमच होता

या पेजवरच्या गोष्टी मी चिमणीला पाजताना वाचते. चिमणी म्हणजे माझी मुलगी. एका हातावर ती, दुसऱ्या हातात मोबाइल. बहुतेक गोष्टींत मध्यरात्र असते, अमावास्या असते, लांब कुठेतरी कुत्री रडत असतात.

माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही.

दुपार होती. चारही बाजूंनी काचा असलेली उंच खोली होती आणि खाली माणसांनी भरलेला विमानतळ.

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट नोकरीतल्या कुणी हे वाचलं तर त्रास मलाच. तरी लिहितेय. कारण काल एक मेसेज आलाय. त्याचं अजून मला उत्तर देता आलेलं नाही.

मी कंट्रोलर आहे. टॉवरमध्ये बसून विमानांना 'तू उतर, तू थांब, तू नीघ' सांगणारी. सासरे लोकांना सांगतात, "आमची सूनबाई विमानांची ट्रॅफिक पोलीस आहे. फक्त शिट्टी नाही आणि पावतीही फाडत नाही."

आमच्या कामात एक रीत आहे. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

खुर्चीतला माणूस नुसता उठून जात नाही. बदलीवर आलेला त्याच्या मागे उभा राहतो आणि खांद्यावर दोनदा थोपटतो. बसलेला त्याला सगळं समजावतो. हवेत कोण आहे, धावपट्टीवर कोण, कुणाला काय सांगून ठेवलंय. मग म्हणतो, "दिलं."

बदलीवाला म्हणतो, "घेतलं."

'घेतलं' ऐकल्याशिवाय उठायचं नाही. पोटात कळ येऊ दे, घरून फोन येऊ दे. नाही म्हणजे नाही.

कारण त्या मधल्या क्षणात वर उडणारी माणसं कुणाचीच नसतात.

बाळंतपणाची रजा संपवून मी परत गेले, तेव्हा टॉवर ओळखूच येईना. निम्मी माणसं गेली होती. कुणी नोकरी सोडली, कुणी आजारी. दोन खुर्च्यांचं काम एका खुर्चीवर आणलं होतं. आधी प्रत्येकाचा स्वतःचा हेडसेट असायचा. आता सगळ्यांत मिळून एक.

तो हेडसेट तुम्ही बघायला हवा होता.

कानावरचा फोम मूळचा काळा. आता कडेने पिवळट आणि चिकट. त्यात कुणाचे तरी केस अडकलेले. नाकाजवळ नेला की आंबट, शिळ्या घामाचा वास. पहिल्या दिवशी मी तो कानापासून बोटभर लांब धरूनच काम केलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीच्या जुन्या दुपट्याचा तुकडा कापून नेला आणि उजव्या कानाच्या फोमवर बांधला. मऊ, धुतलेला, तिच्या अंगाचा वास असलेला. दिवसभर माझी लेक कानाशी आहे असं वाटायचं.

दूध काढायला जागा म्हणजे वायरींची खोली. दाराला कडी नाही. एक पाय दाराला लावून उभं राहायचं. एकदा बाटलीच्या तोंडावर झुरळ बसलेलं. ओतून दिलं सगळं. लेकीच्या तोंडचं दूध मोरीत ओतताना काय वाटतं, ते आईलाच विचारा.

बाहेर आले तर साहेब दात काढून उभे. "काय मॅडम, आत डेअरी उघडलीय का?"

साहेब म्हणजे आमचे टॉवर प्रमुख. त्यांना बसल्या जागी नखं कापायची सवय. कट्... कट्... नखं कुठेही उडायची. टेबलावर, कागदांवर, चहाच्या कपात. एकदा माझ्या कपात निघालं. तेव्हापासून मी तिथे चहा सोडला.

आणि पायलट? त्यांच्या लेखी नालायक आम्हीच. एका मोठ्या कंपनीची विमानं आधी सोडा, असा साहेबांचा फोन यायचा. छोटी विमानं वर चकरा मारत राहायची. कारण सांगायचं नाही. 'थांबा' एवढंच.

एक कॅप्टन होता. त्याला आम्ही किरकिऱ्या म्हणायचो. छोट्या कंपनीचं छोटं विमान चालवायचा. रेडिओवरची आमची भाषा ठरलेली आणि कोरडी असते, पण त्याचं म्हणणं साध्या बोलीत सांगायचं तर असं:

"पुन्हा मीच थांबू? मागून आलेला तो पुढे कसा गेला, मॅडम? आमच्या विमानात काय बटाटे भरलेत?"

उत्तर द्यायची परवानगी नव्हती. मी म्हणायचे, "थांबा."

स्वतःच्याच आवाजाची शिसारी यायची.

एके दिवशी शिफ्ट घेताना लंबूला विचारलं, "थर्मासकाका कुठेत रे? दिसले नाहीत."

लंबू म्हणजे माझा जोडीदार कंट्रोलर. दारातून वाकून आत येणारा. कायम बडबड करणारा. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुला कुणी सांगितलं नाही? गेले ते. तू रजेवर होतीस तेव्हा. हार्ट अटॅक."

"घरी?"

"...हो. घरीच."

काका आमच्यातले सगळ्यात जुने. बगलेत कायम जुनाट थर्मास. त्यात नुसतं गरम पाणी. बदली घ्यायला आले की आधी थर्मासचं झाकण उघडायचे, चर्र... टक्. झाकणात पाणी ओतून समोर ठेवायचे. "आधी घसा शेक पोरी, मग उठ." मी पोटुशी होते तेव्हा माझी शिफ्ट संपायच्या कितीतरी आधी येऊन उभे राहायचे.

आणि काका पायलटना कारण सांगायचे. साहेबांनी ओरडावं, काकांनी सांगावं. "अरे, विमान उडवणारा माणूस आहे तो, गाढव नाही. पुढच्याच्या विमानात आजारी माणूस आहे म्हटलं की तो निमूट थांबतो. काही न सांगता थांबवलं की डोकं फिरतं. तुझं नाही फिरत?" किरकिऱ्यासुद्धा काकांशी कधी भांडला नाही.

मी खूप रडले. मग डोळे पुसून हेडसेट घेतला.

गरम होता.

लंबूनेच काढून ठेवलाय, मला वाटलं.

पण पुढच्या दिवशी पहाटे मी टॉवर उघडला. रात्री विमानं नसतात, खोली कुलपात असते. आत कुणी नव्हतं. हेडसेट खिळ्याला टांगलेला. हातात घेतला...

गरम. आणि ओला.

कुणीतरी आत्ता कानावरून काढावा तसा. माझं दुपटं घामाने चिंब.

मी ते सोडून कचऱ्यात टाकलं आणि नवा तुकडा बांधला. हात साबणाने तीनतीनदा धुतले, तरी बोटांचा वास जाईना.

मग आवाज सुरू झाला.

चर्र... टक्.

मागून. अगदी माझ्या खुर्चीच्या मागून. वळून बघितलं तर फक्त काच आणि काचेपलीकडे आभाळ.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "झोप झालेली नाही तुझी." खरंच झालेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुसरी नोकरी बघ. त्या टॉवरने तुझ्या तोंडावरचं पाणी शोषून घेतलंय."

पण दोघांच्या पगारावर घर चालत होतं. आणि खरं सांगू? मला माझं काम आवडायचं.

आता ती दुपार.

चिमणीला सकाळपासून ताप होता. बाटली तोंडात धरेना. मी निघताना हात पसरून रडत होती. लंबू दुपारी बदलीला यायचा होता, म्हटलं तेवढा वेळ काढू.

लंबू आला नाही. साहेबांनी त्याला परस्पर दुसऱ्या कामाला लावलं होतं. मला फोन आला, "मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा." आणि साहेब जेवायला गेले.

मी एकटी.

बाहेर धुरकट झालं होतं. धावपट्टीचं टोक दिसेना. सासूबाईंचा मेसेज आला. 'ताप वाढलाय. तुझाच ध्यास घेतलाय. कधी येतेस?' वाचला आणि पान्हा फुटला. आतले कपडे भिजले, कुडता भिजला. उठता येत नव्हतं. पुसायलाही काही नव्हतं. माझ्याच दुधाचा आंबूस वास, हेडसेटचा घामट वास, बंद काचांचा उकाडा. मला माझीच किळस आली.

किरकिऱ्या उतरायला येत होता. इंधन कमी आहे, त्याने आधीच सांगितलं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन. तोंडात घास होता, मचमच ऐकू येत होती. "त्या मोठ्याला आधी काढा. मधे जागा आहे ना? मग!"

जागा होती. थोडी. मी मोठ्या विमानाला सांगितलं, धावपट्टीवर ये आणि लगेच उडून जा.

तो सावकाश निघाला. फार सावकाश. मी त्याच्याकडे बघत होते. बघतच होते...

आणि माझा डोळा लागला.

किती वेळ, माहीत नाही. एक श्वास. दहा श्वास.

जाग आली ती खांद्यावर कुणी थोपटल्याने. दोनदा.

आणि कानात मोठ्या विमानाच्या पायलटचा आवाज.

आमच्याकडे नियम आहे. आम्ही जे सांगू ते पायलटने जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. तो परत म्हणत होता...

"धावपट्टीच्या बाहेरच थांबतो. उतरणाऱ्याचं इंधन कमी आहे, समजलं. कारण सांगितल्याबद्दल आभार."

मी काही सांगितलंच नव्हतं.

मग किरकिऱ्या बोलला.

"उतरतोय. मोठ्याला माझ्यासाठी थांबवलंत? आज सूर्य कुठून उगवला? आभार, सर."

सर.

धुरकटातून त्याचं विमान बाहेर आलं आणि टेकलं. मोठं विमान धावपट्टीच्या कडेला, बाहेर, शहाण्या मुलासारखं उभं. ते आत गेलं असतं तर... दोन्ही विमानांत माणसं होती. कुणाच्या मांडीवर चिमणीएवढं बाळ असेल. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

उजव्या हाताशी काहीतरी गरम लागलं.

टेबलावर पाण्याचं गोल वर्तुळ. थर्मासच्या झाकणाएवढं. त्यातून वाफ येत होती.

मोठ्याला मी कसंबसं उडवून दिलं. लंबू धापा टाकत वर आला, तेव्हा मी हेडसेटला हात लावून नुसती बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, त्या ओल्या वर्तुळाकडे बघितलं आणि भिंतीला टेकला.

"तुलाही?" तो म्हणाला.

"लंबू, काका कुठे गेले? खरं सांग."

हवेत कुणी नव्हतं. दोघांनाही जरा उसंत होती. तरी तो काचेबाहेर बघतच बोलला.

"इथेच. याच खुर्चीत. लागोपाठ दुसरी शिफ्ट होती त्यांची. मी आलो, थोपटलं, तर मान खाली पडली. वर तीन विमानं होती. साहेबांना म्हटलं, विमानतळ बंद करा, विमानं दुसरीकडे पाठवा. म्हणाले, वेडा आहेस का, वरच्या साहेबांना काय सांगू? तू बस."

"मग?"

"खुर्चीला चाकं आहेत ना. साहेबांनी काकांसकट खुर्ची भिंतीकडे ढकलली. तोंडावर टॉवेल टाकला. मी त्यांच्या कानावरून हेडसेट ओढला. ओला होता गं. गरम होता. तसाच लावला. स्टूल घेतलं आणि काम केलं. शिफ्ट संपेपर्यंत. काका मागे बसलेले. साहेब बाजूला नखं कापत होते."

"आणि ही खुर्ची..."

"पुसून परत आणली. नवी मागितली तर म्हणाले, हिला काय झालंय?"

मी ताडकन उठले. इतके दिवस मी ज्यात बसले, माझं दूध ज्यात सांडलं...

आणि त्याच क्षणी ध्यानात आलं.

"लंबू, काका 'दिलं' म्हणाले नव्हते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि तू 'घेतलं' म्हणाला नाहीस."

"कुणाला म्हणणार होतो?" तो रडायलाच लागला. एवढा ताडमाड माणूस, लहान पोरासारखा.

मी खुर्चीकडे बघितलं. मी उठून उभी होते. खुर्ची रिकामी होती.

पण गादी वर आली नव्हती.

फोमची गादी. माणूस उठला की हळूहळू फुगते. ती तशीच दबलेली. कुणीतरी बसलेलं असावं तशी.

बिचारे काका. घरी काकू वाट बघत असतील, आणि हे इथे, घाणेरड्या हेडसेटमध्ये कान घालून, कुणी सोडवायला येईल म्हणून बसलेले. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. माणूस मेला, तरी यांनी त्याला सुट्टी दिली नाही.

मी खुर्चीच्या मागे गेले. पाठीवर दोनदा थोपटलं. कापड गरम होतं.

"काका, माझं सगळं लक्ष आहे. हवेत कुणी नाही. धावपट्टी मोकळी आहे." मग म्हणाले, "घेतलं."

काही झालं नाही.

मग... गादी हळूहळू वर आली. दमलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला.

चर्र... टक्. या वेळी झाकण लागल्याचा.

पायऱ्यांवरून कुणीतरी सावकाश खाली गेलं. आम्ही दोघांनीही ऐकलं.

तेवढ्यात घरून फोन. चिमणीला दवाखान्यात नेत होते. मी हेडसेट लंबूच्या हातात कोंबला, "दिलं," म्हटलं आणि पायऱ्या उतरत सुटले.

चिमणी बरी झाली. त्या दिवशी मला बघून तिने माझा कुडता जो मुठीत धरला, तो रात्रभर सोडला नाही. मी ठरवलं, आता पुरे.

राजीनामा द्यायला गेले तेव्हा साहेबांनी त्या दुपारचं रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज... मग नुसती खरखर... मग पायलट परत म्हणतोय, आभार मानतोय. त्याला सांगणारं कुणीच नाही.

"सर, हे कोण बोललं?"

कट्... एक नख उडून माझ्या राजीनाम्यावर पडलं.

"कुणी का बोलेना. तक्रार आली का? उलट पायलट खूश आहेत. सगळ्यांना सारखी वागणूक मिळते म्हणतात. मग मी माणसं कशाला वाढवू?"

मी त्या नखाकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर पुन्हा टॉवरवर चढले नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मागच्या आठवड्यात मुलांच्या दवाखान्यात एका माणसाने हाक मारली. आवाज ओळखीचा. किरकिऱ्या. प्रत्यक्षात अगदी गरीब चेहऱ्याचा, कडेवर शेंबडा मुलगा.

"मॅडम, आवाजावरून ओळखलं बघा. काल थांबवलंत, पण काय छान समजावून सांगितलंत! पुढच्या विमानात तान्हं बाळ आजारी आहे म्हणालात. मी म्हटलं, हवं तेवढं थांबतो. हल्ली तुम्ही फार बदललात हो."

तो सांगत होता त्या दिवशी मी घरी होते. दुपारभर चिमणीला कुशीत घेऊन झोपले होते.

नवऱ्याला विचारलं, "मी झोपेत बोलते का?"

तो हसला. "दुपारची बडबडतेस ना, आई सांगत होती. 'थांबा, पुढे बाळ आजारी आहे.' चिमणीलाच सांगतेस ना ते?"

लंबूला फोन केला. त्यानेही नोकरी सोडलीय. विचारलं, "त्या दिवशी मी 'दिलं' म्हटल्यावर तू 'घेतलं' म्हणालास ना?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रडत होतो गं मी. तू पळालीस... आठवत नाही."

आणि काल तो मेसेज आला. माझ्या जागी एक नवी मुलगी लागलीय. पहिलीच नोकरी. कुणाकडून तरी माझा नंबर घेतला म्हणे.

'ताई, ओळख नाही, पण एक विचारू? हेडसेटला लहान बाळाचं दुपटं कुणी बांधलंय? सकाळी टॉवर मीच उघडते, तरी तो गरम असतो. ओला असतो. आणि त्याला दुधाचा वास येतो.'

तिला फक्त एक शब्द म्हणायला सांगायचाय. खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटून. ती म्हणेलही, पोर भोळी दिसते. मी सुटेन.

मग ती कशी सुटणार? तिच्यामागे 'घेतलं' म्हणायला तिथे कोण आहे?

दुपार झालीय. चिमणीच्या पापण्या जड झाल्यात, माझ्याही. उजवा कान सकाळपासून ओला आहे. कितीदा पुसला.

उत्तर अजून लिहिलेलं नाही.